गिरणीसमोरचा कट्टा

...आणि वर मलाच म्हणतात, "काका, तुम्हाला विचारूनच केलंय की." विचारूनच केलंय! नाही, विचारलं, मी कुठं नाही म्हणतो? हॉलमध्ये बोलावून, चहा पाजून विचारलं. तेच तर डोक्यात जायलंय माझ्या. न विचारता केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता शिव्या घालायच्या कुणाला, मला?

तुम्हाला सांगतो, आमच्या रस्त्यावर मडिवाळप्पाची पिठाची गिरणी आहे. गिरणीसमोर एक कट्टा होता. कट्टा म्हणजे काय, दोन दगड आणि वर शहाबादी फरशी, बस्स. आमच्या हिचे, रुक्मिणीचे, गुडघे गेलेत. घर ते मंडई एका दमात होत नाही. निम्म्यात तो कट्टा. तिथं टेकायचं, ज्वारीचे डबे घेऊन आलेल्या बायकांशी बोलायचं, कुणाची सून कशी, कुणाचं बाळंतपण कुठं, सगळं ऐकायचं, मग पुढं मंडई. भाजी हे निमित्त हो. अर्धा किलो दोडक्याला दीड तास लागतो का कुणाला?

मग रस्त्याचं नशीब उघडलं. रस्ता सुंदर करायचा म्हणे. आला जेसीबी, गेला कट्टा. फुटपाथ असा गुळगुळीत केला की त्यावर बसायचं सोडा, उभं राहायची भीती. आणि आमची ही घरात बसली. एकदम बसली. मी गिरणीवरून आलो की विचारायची, "आज कोण कोण होतं हो?" आता मला काय कळतंय कोण होतं? मी पीठ बघतो, बायका बघत नाही. या वयात तर नाहीच नाही.

अशात महापालिकेचा निरोप आला, रस्त्यावर कलाकृती बसवायचीय, नागरिकांनी येऊन मत द्यावं. आणि वार कुठला निवडला? आमच्याकडं पाणी यायचा वार! सोलापुरात पाण्याच्या वारी मीटिंग ठेवतो का कुणी शहाणा माणूस? त्या दिवशी घरात कुणी मेलं तरी आधी पिंपं भरून घ्या म्हणतात. अख्ख्या गल्लीतनं कोण जाणार? पण ही म्हणाली, "तुम्ही जा. पाणी मी भरते. कट्ट्याचं तेवढं सांगून या." त्या गुडघ्यांनी, बघा.

गेलो. हॉलभर खुर्च्या आणि नागरिक मी एकटा. समोर इंजिनिअर साहेब आणि पुण्याहून आलेली, ती कलाकृती करणारी, उर्वी नावाची एक मुलगी. पोरगी गोड हो, वाईट नाही. म्हणाली, "काका, या रस्त्याचा आत्मा काय आहे असं वाटतं तुम्हाला? या रंगीत चिठ्ठ्यांवर लिहा, भिंतीवर लावा." मी लिहिलं, कट्टा. ती म्हणाली, "अजून?" मी लिहिलं, कट्टा. पिवळ्यावर कट्टा, गुलाबीवर कट्टा, सगळी भिंत कट्टा. साहेब खूश. म्हणाले, "नागरिकांचं एकमत दिसतंय."

मग तीन चित्रं दाखवली. एकात माणसाएवढी भुईमुगाची शेंग, एकात फायबरची सोलापुरी चादर, तिसऱ्यात स्टीलचं काहीतरी उडायला निघालेलं. "यातलं कुठलं आवडलं?" मी म्हटलं, "यात बसायचं कुठं?" साहेब म्हणाले, "काका, बसायचं नसतं हो, बघायचं असतं."

तिथं माझं टाळकं सटकलं. म्हटलं, तुम्हाला असं कळणार नाही, करूनच दाखवतो. उठलो आणि सगळी रुक्मिणी करून दाखवली. अशी येते, अशी पिशवी खाली ठेवते, पदर सावरते, हात गुडघ्यावर, "अगं बाई गं" म्हणून टेकते, आणि मग मान वर करून बघते, आज कोण कोण आलंय ते. तेव्हा तिचं तोंड कसं होतं माहितेय का, म्हटलं? लग्नातसुद्धा माझ्याकडं बघून तसं झालेलं नाही.

उर्वीच्या डोळ्यात पाणी. "काका, हेच. हेच पाहिजे होतं आम्हाला."

मी घरी आलो ते छाती काढून. ही पाय वर करून पडली होती, पिंपं मात्र काठोकाठ. म्हटलं, झालं काम. तर हिनं तसंच उठून शिरा केला की! पुढच्या आठवड्यात ती मंडळी घरी आली. "काकू, जरा बसा. हात गुडघ्यावर. मान वर." फोटो काढले. गुडघ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावून माप घेतलं. मला वाटलं, कट्ट्याची उंची ठरवायलेत. मी हिला म्हटलंसुद्धा, बघ, उगाच नावं ठेवतो आपण, किती विचार करतात लोक. हिनं नवीन चपला आणायला लावल्या. म्हणाली, "पहिल्या दिवशी मी बसणार."

उद्घाटनाला गेलो. ही माझ्या खांद्याला धरून, वाटेत विजेच्या खांबाला टेकत टेकत आली. गिरणीसमोर कापड झाकलेलं. बँड वाजला, कापड ओढलं...

कट्टा. अगदी तस्साच कट्टा. आणि त्यावर रुक्मिणी.

पितळेची की कशाची, पण रुक्मिणीच. पिशवी, पदर, हात गुडघ्यावर, मान वर. खाली पाटी, 'विसावा'. भोवती साखळी. टाळ्याच टाळ्या. आणि खरी रुक्मिणी उभी. साखळी उचलून कडेला टेकायला गेली तर शिपायानं शिट्टी मारली. "ओ मावशी, बसायचं नाही."

"अरे, ती मीच आहे."

"असाल की. पण बसायचं नाही."

मडिवाळप्पा बिचारा धावत आतनं स्टूल घेऊन आला. साहेब म्हणाले, "फुटपाथवर अतिक्रमण नको." शेवटी रिक्षा केली आणि घरी आणली. नवीन चपला हातात घेऊन बसली होती रिक्षात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. साहेब शांत. "काका, कट्टा मागितलात, कट्टा दिला. काकू बसलेल्या दाखवल्यात, काकू बसवल्या. तुम्हाला विचारूनच केलंय की." आपटलेला हात चोळत परत आलो.

आता पोरं तिच्याशेजारी फोटो काढतात. कुणीतरी कपाळाला कुंकू लावलंय. बायका ज्वारीचे डबे तिच्या पायाशी ठेवून खुशाल मंडईला जातात, "रुक्मिणीकाकू बघतात की." सगळ्या गल्लीच्या बातम्या तिच्या कानावर, आणि आमची ही घरात खिडकीशी.

परवा दळण घेऊन आलो तर हिनं विचारलं, "ती आहे का हो अजून तिथंच?"

म्हटलं, "आहे."

"बसू दे मेलीला. दमली असेल. उठली की मला सांगा, मग मी येते."

म्हणून रोज संध्याकाळी जातो, बघतो. अजून उठली नाही.