सप्तपदीचा फोटो काढायचा नाही

— सही करू नका असं मी कुठं म्हणून राहिली मुकुंदभाऊ? करा नं. पांढुर्ण्याहून मोटरीत बसून आले, लग्नाचं पहिलंच काम आहे तुमचं, अन् फोटो शिकवणाऱ्या नागपूरच्या उस्तादानं बजावून ठेवलं का बाप्पा, काम तोंडी घेऊ नको, सगळं कागदावर घे — बरोबरच सांगतलं त्यानं. पण करारावर लावाले टिकट आणाले नवरदेव पोस्टात गेले आहेत, तोवर माझं ऐकून घ्या. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. तुमचा कागद चांगला होता. ज्या काचेवरून फोटो छापतात ती काच फोटोवाल्याजवळ राहीन, मागेल त्याले कापी भेटन, हरेक विधीचा एक फोटो निघन. त्याइनं काय केलं? काच आपल्याकडे घेतली. सप्तपदीचा फोटो काढायचा नाही, असं लिहून घेतलं. अन् घरच्या मंडळीचा जो फोटो निघन, त्याच्या खाली एकेकाचं नाव लिहायचं, त्यात माझं — कलाबाई, वराची बहीण. हेच नं? तुम्हाले वाटलं असन, लहरी माणूस आहे.

मी बहीण नाही भाऊ. बायको आहो त्याइची.

घ्या, चहा घ्या, थंडा होऊन राहिला. — हो, कायदा झाला हे मलेही माहीत आहे, एक असताना दुसरी करता येत नाही, अन् कचेरीतल्या माणसाची तं नोकरीच जाते. म्हणून तं हे सगळं. कोण्या वकिलानं त्याइच्या डोक्यात भरवलं, का सात पावलं चालल्याचा पुरावा नसला तं कोर्टात लग्न शाबीत होत नाही. त्याइच्या मनात फोटो नव्हताच. पण पोरीचा भाऊ, दिलीप, अडून बसला — आमच्या उषाच्या लग्नात फोटोवाला पाहिजेच. मंग नाही कसं म्हणतीन? म्हणून हा करार. माझं लग्न झालं काटोलले, तवा कोण फोटो काढत होतं बावा? मांडव होता, माणसं जेवली, झालं.

आता म्हणसान, गावात कोणी बोललं कसं नाही. इथं आम्हाले ओळखते कोण? नागपुरात होतो, चांगलं चाललं होतं. राज्य तुटलं, कचेऱ्या वाटल्या, अर्धे बाबू तिकडे मुंबई राज्यात, अर्धे इकडे मध्यप्रदेशात, त्यात याइची बदली सौंसरले. आधी एकटे आले, खोली पाह्यली, मंग मले बोलावलं. मी टांग्यातून उतरली तं शेजारीण म्हणते, या ताई, तुमचे भाऊ सांगतच होते का बहीण येऊन राहिली. मी याइच्याकडे पाह्यलं. हे ट्रंक उतरवून राहिले होते, मान वर केली नाही. आता भरल्या गल्लीत नवऱ्याले खोटं कसं पाडायचं? मी गप राहिली. मंगळसूत्र पाहून कोणी विचारलं तं म्हणायचं, माणूस यवतमाळकडे नोकरीवर आहे. ते आता दुसरं राज्य, कोण जाते चौकशी कराले.

गप राहिली म्हणते, पण तेवढंच नाही भाऊ. तुम्ही परके, म्हणून बोलून राहिली. लोधीखेड्याले पोरगी पाहाले मीच गेली होती संग. घरची बाई पाहिजे नं कोणी. उषाच्या मायनं पोहे देल्ले, अन् हळूच विचारलं, पहिली बायको कशानं गेली हो? हे खाली पाहून राहिले. कानापर्यंत लाल झाले. मले पाहवलं नाही. मीच म्हटलं — तापानं गेली. अन् वरतून हेही म्हटलं का लय चांगली होती वहिनी, कोणाले कधी उलटून बोलली नाही. त्या मायच्या डोळ्यात पाणी आलं. मले माझंच रडू येऊन राहिलं होतं, तिले वाटलं वहिनीसाठी रडते. उषा पाया पडली माझ्या. रंगानं सावळी आहे, हसली का बरी दिसते.

— काऊन नाही सांगत उषाच्या घरच्याइले? सांगू कशी? मायबाप गेले, भाऊ काटोलले आपापल्या संसारात. अन् हे कैदेत गेले तं — नाही, मले ते नको. लाज वाटते बोलाले, पण माया आहे मले त्याइची अजून. रोज ठरवते सांगीन, अन् रोज डबा भरून देते. ते जाऊ द्या. उठले काऊन तुम्ही? लेखणी खिशात नका ठेवू. तुम्ही गेले तं छिंदवाड्याहून दुसरा येईन, अन् तो काही विचारणार नाही.

माझं एकच म्हणणं आहे. सप्तपदीचा फोटो काढा. करारात नको लिहिलं असलं तरी काढा. कोणी ओरडलं तं म्हणा, नवा माणूस आहो, घाईत फोटो निघून गेला. काच त्याइले देऊन टाका, पण आधी एक कापी दिलीपच्या हाती द्या. माझ्यासाठी नाही म्हणून राहिली. मी तं आता मेलेलीच आहो तिकडे. त्या पोरीसाठी. — कसं सांगू तुम्हाले, लहान आहा तुम्ही. मूल होत नाही म्हणून करून राहिले नं हे लग्न? नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं मले तपासलं होतं. म्हणे, तुझ्यात काही खोट नाही बाई, नवऱ्याले घेऊन ये. मी घरी येऊन सांगतलं, तं भरल्या ताटावरून उठून गेले, अन् डॉक्टरीणबाईकडे काही आले नाही. उषालेही मूल होणार नाही भाऊ. चार-पाच वर्षं वाट पाहतीन, मंग अजून कुठं बदली होईन, तिथं तिसरी पाहतीन. अन् असाच एखादा नवा फोटोवाला येईन, त्याच्या कागदावर लिहून देतीन — उषा, वराची बहीण. तवा तिच्याजवळ काहीतरी पाहिजे का नाही? माझ्याजवळ काहीच नाही. मले दाखवाले एक कपटा नाही का मी या माणसाची —

फाटक वाजलं. बसा, बसा खाली. मान हलवली काय तुम्ही? नाही, मले समजलं नाही, हो म्हटलं का नाही — राहू द्या, ती कपबशी द्या इकडे.

या दादा. टिकट भेटलं?