पुढे ओढलेली सीट

(इमारतीखालचं गॅरेज. नुकतंच कव्हर काढलेली दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार. जुन्या गाड्यांचा व्यापारी चालकाच्या जागी कसाबसा घुसला आहे.)

व्यापारी : साहेब, परत सांगा. किती दिवस उभी आहे म्हणालात? आणि विकताय का?

नवरा : दोन वर्षं. माझी कंबर गेली तेव्हापासून. आत बसता येतं, बाहेर निघता येत नाही. शेवटच्या वेळी हिने आणि वॉचमनने मिळून काढलं मला.

बायको : वॉचमन पाय धरून ओढत होता. बाळंतपण चाललंय असं वाटत होतं.

नवरा : ते सांगायची गरज होती?

बायको : का विकताय, असं विचारलं ना त्यांनी.

व्यापारी : आणि तुमची उंची सहा फूट.

नवरा : पाच अकरा. शेठ, इंजिन बघा की. मला काय मोजताय?

व्यापारी : धुतलं की कुठलंही इंजिन सज्जन दिसतं. मी आधी सीट बघतो. माझे गुडघे बघा, हनुवटीला लागलेत. आरसा खाली वळवलाय. ही गाडी पाच फुटी माणूस चालवतोय.

नवरा : पुसताना सरकली असेल.

व्यापारी : उभ्या गाडीच्या ब्रेकच्या चकत्या गंजतात. या लख्ख आहेत. मागचे टायर वळणांवर झिजलेत. मला बनवताय तुम्ही. पंधरा टक्के कमी.

नवरा : मी बनवतोय? अगं, किल्ली कुठे असते आपली?

बायको : पिठाच्या डब्यामागे.

नवरा : तिथे कोण हात घालणार?

व्यापारी : वहिनी, तुमची उंची किती?

बायको : पाच एक. चपला काढून.

नवरा : तू?

बायको : दुपारी दोन ते चार. तुम्ही घोरायला लागलात की.

नवरा : रोज?

बायको : रविवारी नाही. रविवारी रस्त्यात पोरं खेळतात.

नवरा : जायचीस कुठे?

बायको : कुठेच नाही. धरणापर्यंत जायचं आणि परत यायचं. तुमची बँक, पोरांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, पस्तीस वर्षं काम असल्याशिवाय एकटी घराबाहेर पडले नव्हते मी.

नवरा : मला उठवायचंस.

बायको : उठवलं असतं तर चालवायला तुम्ही बसला असता.

व्यापारी : धरणाच्या वळणावर किती ठेवता?

बायको : ऐंशी.

नवरा : मी चाळीसने घ्यायचो ते वळण.

बायको : माहितीये. शेजारी मीच जांभया देत बसायचे.

व्यापारी : बरं, दहा टक्के कमी. ऐंशीला मान म्हणून. कागद कुणाच्या नावावर?

नवरा : हिच्या. कर वाचवायला मीच केले. तेव्हा फार हुशार होतो.

व्यापारी : मग इथे सही करा, वहिनी. फुलीपाशी.

बायको : चष्मा वर राहिला.

नवरा : आजवर कधी वाचून सही केलीस तू?

बायको : नाही केली. म्हणून तर.

व्यापारी : वहिनी, पाच टक्के. शेवटचं.

बायको : शेठ, उतरा जरा. हळू, डोकं सांभाळा. आणि किल्ली द्या इकडे.

नवरा : अगं, चष्मा नाही म्हणतेस आणि गाडी काय चालवतेस?

बायको : तो जवळचा आहे. लांबचं मला नीट दिसतं.