वीस सेकंदांच्या आतले फोन

— नाही काका, मी गिऱ्हाईक नाही, शिवायला काही आणलेलं नाही. मी रुग्णवाहिकांच्या कचेरीतून आलेय — थांबा, थांबा, हात जोडते, आधी ऐकून तर घ्या! उद्या अकराला बैठक आहे, आणि तुमच्या नाक्यावरची उरलेली एकुलती एक गाडी हलवायचं ठरणार आहे. का? तर म्हणे, या वस्तीतून फोनच येत नाहीत. फोन नाहीत म्हणजे इथे कुणी आजारी पडत नाही! आता बघा हं, हे कसं होतं — दोन वर्षांपूर्वी एक गाडी नेली, दुसरी उशिरा यायला लागली. गाडी उशिरा आली की माणूस काय करतो? शेजाऱ्याची रिक्षा गाठतो. रिक्षाने गेला की फोन नाही, फोन नाही की आमचा कॉम्प्युटर म्हणतो, इथली गरज घटली, गाडी दुसरीकडे न्या — की आणखी उशीर, आणखी कमी फोन. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर चोरही सापडत नाही. बैठकीच्या खोलीत आम्ही अकरा जण, सगळे भले, कुणाच्या मनात वस्तीचं वाईट नाही — आणि फाशी ठरलेलीच.

काकू गेल्याचं कळलं मला. शेजारच्या न्हाव्याने सांगितलं. म्हणून तर आले — तुम्ही उद्या या आणि एवढंच सांगा की मी फोन केला होता. बस्स. केला होतात ना? — दाखवा. हाच दिवस? तीन फोन... नऊ सेकंद, बारा, सतरा. कुणी उचलला नाही म्हणून कापलात? हो, बरोबर आहे, काकूंना सावरायचं की फोन धरून बसायचं! पण काका, हे आमच्याकडे नाहीत. नसणारच. वीस सेकंदांच्या आत कापला तो खोडसाळ फोन, तो मोजायचा नाही, असा नियम आहे. — कुणी केला म्हणजे? करतं कुणीतरी, नियम काय, सगळीकडेच असतात — मी. मी केला. आकडे स्वच्छ होतात म्हणून. शाबासकीसुद्धा मिळाली. परवा गाळलेले फोन उकरून पाहिले, तर तुमच्या एकट्या वस्तीतून आठशे चाळीस! साहेबांच्या पाया पडायची बाकी राहिले. ते म्हणाले, आकड्यांनी कुणाला पाझर फुटत नाही, एखादं माणूस आण. म्हणून तुम्ही. हो, लाज वाटते, मेल्याहून मेल्यासारखं होतं — पण माझ्या लाजेने गाडी थांबणार नाही ना, तुमच्या या फोनने थांबेल!

काय? माझ्याकडे? ... माझ्याकडे गाडी किती मिनिटांत येते, त्याचा इथे काय संबंध — सहा. सहा मिनिटांत. आईला घेरी आली होती, तर दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढली. निघालं काय, तर पित्त. ... तसं बघू नका हो काका. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगितलं, नाहीतर काहीही सांगता आलं असतं मला. फोन खिशात नका ठेवू. बरं, माझं तोंड बघू नका, मी बैठकीला येतच नाही, तुम्ही एकटेच बोला — पण या. वस्तीत अजून म्हातारी माणसं आहेत, बाळंतिणी आहेत, त्यांनी कुणाला फोन करायचा? काका? अहो, मशीन बंद करा ना जरा — मी काय बोलतेय ते ऐकू तरी येतंय का तुम्हाला?