चालत्या यंत्राला हळदकुंकू

निशिगंधा : हात लावू नका, नवनाथदादा. सर्व्हर अजून लॉग वाचतोय.

नवनाथ : सकाळपासनं वाचतोयच की, म्याडम. पोथी हाय का काय ती?

निशिगंधा : परवा खंडेनवमीला मेन स्विच पाडलात, ते एक वेळ ठीक. माझ्या सर्व्हरचा यूपीएस कशाला बंद केलात?

नवनाथ : चालत्या यंत्राला हळदकुंकू लावत न्हाईत. प्रेस असो न्हाईतर तुमचं हे कपाट, पूजेला समदं गप पायजे. आमच्या चाकणात असंच हाय.

निशिगंधा : आणि तो नेमका ब्रेकच्या टेस्टचे निकाल लिहीत होता. काय लिहायचंय ते हा आधी लॉगमध्ये टिपतो, मग जागेवर लिहितो. मधेच वीज गेली, तर लॉग वाचून राहिलेलं पुरं करतो. एवढ्या डिस्क आहेत, वेळ लागणारच.

नवनाथ : आदिनाथसाहेब फोनवर काय म्हनले? खरं सांगा.

निशिगंधा : कस्टमर यायच्या आत सुरू झाला नाही, तर स्विच पाडणाऱ्याला पर्मनंट करणार नाही, म्हणाले.

नवनाथ : लग्नाआधीपासनं कंत्राटावर हाय वो मी. दुसरी वाट न्हाई का?

निशिगंधा : आहे. लॉग पुसला की लगेच सुरू होईल.

नवनाथ : मग पुसा की, माय!

निशिगंधा : शेवटच्या बॅचचे निकाल जातील. माल भरून गाडी गेटवर उभीय. सर्व्हर चालू झाला की सोडा, निकाल मागाहून बघू, असं साहेब म्हणतात. नापास माल असला तरी जाईल.

नवनाथ : कशाला लागत्यात ते ब्रेक?

निशिगंधा : रिक्षांना. खरं सांगू? माझाही हात शिवशिवतोय. तुम्ही म्हणालात तर पुसते.

नवनाथ : आमच्या वाडीची पोरं रिक्षातनंच शाळंला जात्यात... नगं. वाचू द्या त्याला.

(फोन वाजतो.)

नवनाथ : द्या हिकडं. साहेब, नवनाथ बोलतोय. स्विच मीच पाडला. आन् थांबा म्हनूनबी मीच सांगितलं, म्याडमला बोलू नगा... व्हय. व्हय साहेब. कळलं.

निशिगंधा : काय म्हणाले?

नवनाथ : कस्टमर आला. आपलं पर्मनंटचं ऱ्हायलं.

निशिगंधा : दादा... थांबा, लॉग संपला. सर्व्हर सुरू झाला.

नवनाथ : निकाल बघा आधी.

निशिगंधा : सगळे पास.

नवनाथ : म्हंजी पुसलं असतं तरी भागलं असतं.

निशिगंधा : हो.

नवनाथ : असू द्या. तवा कुठं ठावं होतं? गाडी सोडायला सांगा.