आगळातलं अंडं

विज्ञान नुसतं घोकून घेणाऱ्यांनी आपल्या पोरांचे डोळे बांधून ठेवलेत, दुसरं काय! बी.एस्सी. होऊन मी आचरा गावच्या शाळेत शिकवायला लागलो, तेव्हा पेशीपटल पाण्याला आतबाहेर जाऊ देतं, हे पोरं धडाधड म्हणून दाखवायची. पाहिलं मात्र कोणीच नव्हतं. मी ठरवलं, अंड्यावर दाखवायचं. आंबटात कवच विरघळलं की आतला पातळ पडदाही तसाच वागतो आणि पाण्यात अंडं टम्म फुगतं.

हेडमास्तर म्हणाले, "अंडं? शाळेत? बरं, एकदाच. फसलं तर पुन्हा फळा आणि खडू."

व्हिनेगर कुठून आणणार? मी अंडं कोकमाच्या आगळात, त्या आंबट रसात, बुडवून ठेवलं. दोन दिवसांनी वर्गात हेडमास्तरांसमोर बाहेर काढलं, तर कवच गेलेलं, पण अंडं पार सुरकुतलेलं!

"मास्तरानू, अंडां म्हातारां झालां!" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला. हेडमास्तर जायला उठले.

"थांबा!" मी ओरडलोच. "आगळात मीठ असतं. मिठानं पडद्यातून पाणी बाहेर ओढलं. आता साध्या पाण्यात ठेवतो, पाणी परत आत शिरेल. उद्या नाही फुगलं, तर मीच खडू उचलतो."

दुसऱ्या दिवशी अंडं चेंडूसारखं गरगरीत झालं होतं. हेडमास्तर वाकले आणि बोटानं पुन्हा पुन्हा दाबून बघू लागले.

शिपाई गुणाजी कळवळून म्हणाला, "सायबानू, दाबू नकात, फुटात तां! उद्या आठवीच्या पोरांका दाखवचां आसा."