चौथा भाग, पान दोनशे अकरा

नाही हो, पहिला एकच न्या. बाराही भाग एकदम नेऊन काय करणार — उशाला घेणार? सगळे पहिल्या दिवशी असंच म्हणतात. चौदा वर्षं वाचनालयाच्या या टेबलाशी बसतेय मी, ही मालिका सुरू करणाऱ्यांचे चेहरे मला पाठ झालेत. आठवड्याभरात येतात ते वैतागून — बाई, चाळीस पानांत सत्तावीस माणसं, त्यात तीन राजे एकाच नावाचे, लक्षात ठेवायचं तरी कसं? मी म्हणते, सुरुवातीला नकाशा आहे ना, तो बघा. नकाशा कोणी बघत नाही. शंभर पानांपर्यंत निम्मे गळतात. आणि जे उरतात — त्यांचं मग काही खरं नसतं. एक दातांच्या डॉक्टर आहेत, त्या पेशंटला चूळ भरायला सांगून तेवढ्यात अर्धं पान वाचून घेतात. थापा नाही मारत, त्यांनीच सांगितलं. मी? छे, मी एकही भाग वाचलेला नाही. मी नुसती देते आणि घेते.

काय म्हणालात? हो, पेन्सिलच ती. खोडायची राहिलीय. म्हणजे — राहिली नाहीये, मी खोडत नाही. आमच्या बाबांच्या खुणा आहेत त्या. छापखान्यात मुद्रितं तपासायचे ते, अडतीस वर्षं. छपाईची चूक दिसली की हात थांबायचाच नाही, औषधाच्या खोक्यावरचीसुद्धा दुरुस्त करून ठेवायचे. आई गेल्यावर नुसते बसून असायचे, म्हणून मीच पहिला भाग नेऊन दिला. हसले. म्हणे, माझं वय एकोणऐंशी, भाग बारा — तेवढी मुदत आहे का माझ्याकडे? पण मग असे रमले, असे रमले — मी घरात चप्पल काढायच्या आत सुरू! आज निरोप्या खिंडीत अडकला, आज निरोप्याचं खेचर मेलं. निरोप्या म्हणजे गोष्टीतला साधा माणूस हो, या राजाची पत्रं त्या राजाकडे नेणारा. बाबांचा सगळा जीव त्याच्यात. जेवताना निरोप्या, गोळ्या घेताना निरोप्या. दिवसभर इथे तेच, घरी गेलं की पुन्हा तेच. आणि एक दिवस — त्या दिवशी काही झालंही नव्हतं, डोकं दुखत होतं एवढंच — मी म्हटलं, पुरे करा बाबा आता, मरतो तो. त्या खिंडीतच मरतो.

मला कसं ठाऊक? इथे कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं, ते कानावर पडलेलं.

काय करणार? पुस्तक मिटलं त्यांनी. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले, "वेळ वाचला." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर भांडता तरी आलं असतं. मग जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसले. दोन महिने चौथा भाग त्यांच्या हाताशी ठेवला मी, उघडला नाही. पुढे पुढे तर औषधाचं खोकंही वाचेनात, मी देईन ती गोळी गिळायचे. मग गेले.

मला आता काही वाटत नाही. लोक विचारतात, मी बरी आहे म्हणते. बरीच आहे. जेवते, झोपते, वेळेवर येते.

त्यानंतर महिन्याभराने त्या दातांच्या डॉक्टर बारावा भाग परत करायला आल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, बाई, पोचला हो निरोप्या, शेवटच्या पानावर पोचला! मी म्हटलं, तो तर खिंडीत मरतो ना? "छे," म्हणाल्या, "तो त्याचा भाऊ. सगळ्यांना आधी निरोप्याच वाटतो." मी शिक्का मारला. पुस्तक कपाटात ठेवलं. तेव्हाही काही वाटलं नाही. शाई जरा जास्त लागली होती, ती पुसली.

तर पहिल्या तीन भागांत तुम्हाला अडायला होणार नाही, सगळं दुरुस्त केलेलं आहे. चौथ्यात पान दोनशे अकरापर्यंत. पुढच्या चुका तशाच आहेत, सांभाळून वाचा. आणि तुमचं सगळं वाचून झालं ना, की मला जरा — तो शेवटी कसा पोचतो, ते — नको. नको, सांगू नका. इथे सही करा. तारीख मी घालते. हं, पुढे कोण आहे?