ऐकणाऱ्यालाही भूक लागते

...आणि वर मलाच विचारतात, बॅटरी संपलीच कशी? अहो, संपणार नाही तर काय अंडी घालणार?

तुम्हाला सांगतो, माझं काम साधं आहे. आमच्या डोंगराच्या माथ्यावर रेडिओचा एक सेट आहे, रिपीटर म्हणतात त्याला. अलीकडे आमचं ऑफिस, पलीकडे दरी, आणि दरीत फोन लागत नाही, झाडावर चढा, कौलांवर चढा, नाही म्हणजे नाही. तिथून कोणी वायरलेसवर बोललं की हा सेट ते उचलतो आणि अलीकडे टाकतो. बस्स. वर वीज नाही म्हणून एक सोलर पॅनल आणि एक बॅटरी, आणि या दोघांची तब्येत बघायला मी.

आता पॅनल केवढं, बॅटरी केवढी, हे कोणी ठरवावं? जो वर चढतो त्यानं. ठरवलं कोणी? साहेबांनी, जे एक जिना चढून आले की आधी पाणी मागतात. मी म्हटलं, साहेब, पॅनल मोठं हवं, बॅटऱ्या चार हव्यात. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाकातून म्हणाले, "कशाला? वापर किती त्याचा? दिवसातून दहा मिनिटं तर बोलतो तो!"

म्हटलं, साहेब, बोलतो दहा मिनिटं पण ऐकतो चोवीस तास. कोण कधी हाक मारेल याचा नेम नाही, कान उघडा ठेवावा लागतो, आणि त्या कानाला करंट लागतो, थोडाच लागतो पण रात्रंदिवस लागतो, मी मीटर लावून मोजलंय, बोलण्यात जातो त्याच्या सातपट नुसता ऐकण्यात जातो. तर साहेब काय म्हणाले असतील? "ऐकायला कसली वीज? मीही दिवसभर तुमचं ऐकतोच की." मी म्हटलं, साहेब, चोर वर्षातून एकदा येतो, म्हणून रखवालदाराला वर्षातून एकदाच जेवायला घालायचं का? तर म्हणे, "विषयांतर करू नका. दिवसातून दहा मिनिटं तर बोलतो तो!" आणि सही केली. पॅनल चहाच्या ट्रेपेक्षा जरासं मोठं, आणि बॅटरी एकच, स्कूटरच्या बॅटरीची थोरली बहीण म्हणावी एवढी.

ऊन होतं तोवर चाललं. मग ढग आले, एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस, मी रोज सांगतोय, साहेब, ढग आहेत, आणि साहेब खिडकीबाहेर बघून म्हणतायत, "सूर्य ढगामागे असतोच ना?" असतो की. पण ढगामागे पॅनल नाही लावलं आपण! चौथ्या दिवशी पहाटे कधीतरी सेट मेला.

मेला हे कळलंच नाही, तिथेच तर गोम आहे. मेलेला सेटही गप्प आणि कोणी बोलत नसेल तर जिवंत सेटही गप्प. मी इकडे टेबलाशी चहा पीत बसलो होतो आणि म्हणत होतो, बरंय, आज दरीत सगळं ठीक दिसतंय.

दरीत काय चाललं होतं ऐका. तिथल्या आरोग्य केंद्रात माझी ताई नर्स आहे, सख्खी थोरली बहीण, केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक खाट. त्या सकाळी एक बाई अडली, रक्त थांबेना. ताई वायरलेसवर ओरडतेय, "कोणी आहे का? गाडी पाठवा, कोणी आहे का?" तासभर. शेवटी चौघांनी खाट खांद्यावर घेतली आणि सहा तास डोंगर तुडवला, ताई शेजारून चालतेय, सलाईनची बाटली हातात उंच धरून. बाई वाचली, बाळ वाचलं. ताईचा हात दोन दिवस खाली येत नव्हता. मला ती एका शब्दानं बोलली नाही हो. बोलली असती तर बरं झालं असतं.

चौकशी बसली. साहेब म्हणतात कसे, "पण हे शक्यच नाही, दिवसातून दहा मिनिटं तर बोलतो तो!" आणि उपाय काय काढला? हुकूम. दरीत वायरलेसची सहा ठाणी आहेत, त्या सहाही ठाण्यांनी दर अर्ध्या तासाला सेट चालू आहे की नाही हे बोलून तपासायचं. झालं! "ऐकू येतंय का?" "येतंय." "स्पष्ट?" "स्पष्ट. जेवण झालं का?" "व्हायचंय. तुमचं?" असं सहा ठाणी, दिवसभर. आजारी माणूस जिवंत आहे का हे बघायला दर अर्ध्या तासाला त्याला उठवून पळवायचं, अशातला प्रकार. कडकडीत ऊन असताना आठ दिवसांत बॅटरी बसली, आणि अशी बसली की परत उठलीच नाही.

मग मात्र माझं डोकं फिरलं. ती मेलेली बॅटरी पाठीवर घेऊन डोंगर उतरलो, तसाच केबिनमध्ये गेलो आणि त्यांच्या फायलीवर ठेवली. म्हटलं, साहेब, आता तपासणीतच दोन तास बोलतो तो, करा सही, नाहीतर पुढची खाट तुमच्या खांद्यावर देतो. साहेबांनी फाईल ओढून बघितली, हलेना. सही केली. मोठं पॅनल, चार बॅटऱ्या, आणि तपासणी दिवसातून एकदाच, तीही एकाच ठाण्यानं. बॅटऱ्या वर कोणी न्यायच्या? "मागितल्या कोणी?" म्हणाले साहेब. पंचवीस किलोची एक, अशा चार खेपा केल्या, कंबर अजून शिव्या देतेय.

चौथी जोडली, सेट सुरू केला आणि जेमतेम टेकलो, तोच आवाज आला, "कोणी आहे का?" ताईचा. मी झडप घालून माईक उचलला. म्हटलं, "आहे, आहे, काय झालं, कोण अडलं?" तर म्हणाली, "काही नाही रे. आहेस का बघत होते."

आता ती रोज बघते. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, शिवाय मधे आठवण आली की. "आहेस का रे?" नियमात बसत नाही, करंट फुकट जातो, आणि मी, ज्यानं याच तपासणीवरून साहेबांशी एवढं भांडण केलं, तो काय म्हणतो? "आहे गं ताई, बोल." काय करणार. पाचव्या बॅटरीचा अर्ज टाकलाय.